आटलेल्या सरोवराचा इतिहासकार

अमेरिकेच्या पश्चिम भागातील यूटा राज्यात सॉल्ट लेक सिटी नावाचे शहर आहे. शहराच्या पूर्वेस वॉसॅच पर्वताची उत्तुंग भिंत उभी आहे, आणि पश्चिमेस मैलोगणती पसरलेले ओसाड माळरान आहे. या माळरानावर पाऊस बेताचाच पडतो. खुरटी झुडपे, खारट माती आणि मधूनमधून डोके वर काढणारे उघडेबोडके डोंगर यांखेरीज तेथे पाहण्यासारखे फारसे काही नाही. परंतु संध्याकाळची तिरपी उन्हे या डोंगरांवर पडली म्हणजे एक चमत्कारिक दृश्य दिसू लागते. पायथ्यापासून जवळजवळ एक हजार फूट उंचीपर्यंत डोंगरांच्या उतारांवर एकीवर एक अशा आडव्या रेघा उमटलेल्या दिसतात. कोणी प्रचंड पट्टी धरून त्या आखल्या असाव्यात असा भास होतो. एका डोंगरावरची रेघ मधली कित्येक मैलांची सपाटी ओलांडून समोरच्या डोंगरावर त्याच उंचीवर पुढे चालू झालेली असते.

उन्हाळ्यात गावच्या तळ्याचे पाणी उतरू लागले की काठावर पाण्याच्या जुन्या खुणा मागे राहतात. त्या खुणांवरून पावसाळ्यात पाणी कोठवर आले होते, हे लहान मूलही सांगू शकते. यूटामधील डोंगरांवरच्या रेघा याच जातीच्या आहेत. मात्र तेथे आज तळे नाही. त्या विस्तीर्ण प्रदेशाच्या एका कोपऱ्यात ग्रेट सॉल्ट लेक हे उथळ आणि समुद्राहूनही खारट असे सरोवर तेवढे उरले आहे. मग एक हजार फूट खोल पाणी येथे केव्हा साठले? ते कोठून आले आणि कोठे गेले? एकदाच आले की पुनःपुन्हा आले? या प्रश्नांची उत्तरे ज्यांनी माती, वाळू आणि दगडगोटे यांच्याकडून वदवून घेतली, त्या भूगर्भशास्त्रज्ञाचे नाव ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट.

ग्रोव्हचा जन्म ६ मे १८४३ रोजी न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर या गावी झाला. त्याचे वडील चित्रकार होते. माणसांची व्यक्तिचित्रे काढून मिळणाऱ्या पैशांत घर चालवावे लागे, आणि हे पैसे नेहमीच पुरत असे नाही. घर लहान, पण घरातील माणसे समाधानी होती. वाचन, कोडी सोडविणे आणि आपसांत चर्चा करणे यांत त्यांचा वेळ जाई. ग्रोव्हची प्रकृती नाजूक असल्यामुळे दांडगाईचे खेळ त्याच्या वाट्यास फारसे आले नाहीत. कोणतीही गोष्ट शांतपणे न्याहाळण्याची सवय मात्र त्याला लहानपणीच लागली. घरची ओढाताण असूनही आईवडिलांनी त्याला गावच्या विद्यापीठात घातले. तेथे तो ग्रीक, लॅटिन आणि गणित शिकला. भूगर्भशास्त्राची तर त्याला केवळ तोंडओळखच झाली. १८६२ मध्ये तो पदवीधर झाला तेव्हा त्याच्या डोक्यावर थोडे कर्जही होते.

कर्ज फेडण्यासाठी त्याने मिशिगन राज्यातील जॅक्सन या गावी शिक्षकाची नोकरी धरली. विद्यार्थी दांडगट, आणि शिक्षक एकोणीस वर्षांचा, हाडकुळा व मृदुभाषी! वर्गात शांतता राखण्याची कला सर्वांनाच साधते असे नाही, आणि ज्याला ती साधत नाही त्याला विद्या कमी असते असेही नाही. वर्ष पुरे होण्याच्या आतच ग्रोव्ह नोकरी सोडून घरी परतला.

यानंतर त्याच्याच एका जुन्या प्राध्यापकांनी त्याला हाताशी घेतले. हेन्री वॉर्ड हे त्यांचे नाव. ते निरनिराळे दगड, शिंपले, प्राण्यांचे सांगाडे आणि जीवाश्म गोळा करून शाळा-महाविद्यालयांना व संग्रहालयांना विकीत. त्यांच्या या कोठारात ग्रोव्ह पाच वर्षे राबला. नमुने निवडणे, त्यांना चिठ्ठ्या लावणे, पेट्या भरणे असे हे काम होते. वरवर पाहता ते कारकुनी स्वरूपाचे होते, परंतु हजारो दगड हाताखालून गेल्यामुळे त्याची नजर तयार झाली.

१८६६ मध्ये कोहोझ या गावी एका कारखान्याच्या पायाचे खोदकाम चालू असताना मॅस्टोडॉन या लोप पावलेल्या हत्तीसारख्या प्राण्याची हाडे सापडली. ती नीट काढून जुळविण्याच्या कामावर ग्रोव्हची नेमणूक झाली. ही हाडे नदीच्या पात्रातील एका खोल रांजणखळग्यात होती. आपल्याकडे घोड आणि कुकडी या नद्यांच्या पात्रांत असे रांजणखळगे पुष्कळ आहेत. हाडे पाहून लोक चकित होऊन परत जात. ग्रोव्हचे लक्ष मात्र खळग्याकडे गेले. हा खळगा पाण्याने कोरला तेव्हा धबधबा येथे असला पाहिजे. आज तो मागे सरकला आहे. तर मग त्याला मागे सरकायला किती काळ लागला असेल? नदीच्या कड्यावर देवदारासारखी जुनी झाडे वाढली होती. त्यांच्या बुंध्यांतील वर्तुळे मोजून त्याने झाडांची वये काढली. जेथे इतकी जुनी झाडे उभी आहेत तेथील कडा इतक्या वर्षांत ढासळलेला नाही, हे त्यावरून उघड झाले. या धाग्याने तो कित्येक हजार वर्षांच्या हिशेबापर्यंत पोहोचला. ही वर्तुळे मोजतानाच गिल्बर्ट भूगर्भशास्त्रज्ञ झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

१८६९ मध्ये ओहायो राज्याच्या भूगर्भीय पाहणीत त्यांनी काम मिळविले. तेथे ईरी सरोवराच्या आजच्या काठापासून पुष्कळ आत, शेतांमधून गेलेले वाळूचे लांबच लांब बांध त्यांनी पाहिले. हिमयुगाच्या अखेरीस हे सरोवर अधिक पसरलेले होते, आणि हे बांध म्हणजे त्याचे जुने किनारे होत, हे त्यांनी ओळखले. पुढे जे मोठे काम त्यांच्या हातून व्हावयाचे होते, त्याची ही पूर्वतयारीच होती.

१८७१ साली लेफ्टनंट व्हीलर या लष्करी अधिकाऱ्याच्या पाहणी-पथकात गिल्बर्ट यांचा समावेश झाला. हे पथक नेव्हाडा, कॅलिफोर्निया, ॲरिझोना अशा ओसाड प्रदेशांतून गेले. भर उन्हाळ्यात डेथ व्हॅली म्हणजे मृत्युदरी हे सार्थ नाव मिळालेल्या खोलगट वाळवंटातून त्याने वाट काढली. नंतर कोलोरॅडो नदीच्या प्रचंड घळईत प्रवाहाच्या उलट दिशेने नावा ओढून नेल्या. खेचरे व माणसे थकून जात. नावा खडकांवर आपटत. पथकाचे प्रमुख नकाशे काढण्याच्या घाईत असल्यामुळे एखाद्या ठिकाणी थांबून खडकांचा विचार करावा म्हटले तर सवड मिळत नसे. गिल्बर्ट यांना याचे फार वाईट वाटे. पण एवढ्या धावपळीतही त्यांच्या ध्यानात एक मोठी गोष्ट आली. या प्रदेशातील डोंगरांच्या रांगा कापडाला चुण्या पडाव्यात तशा वळ्या पडून उंचावलेल्या नसून, भूपृष्ठाला तडे जाऊन त्या तड्यांच्या एका बाजूचे खडक वर सरकल्यामुळे तयार झाल्या आहेत, असे त्यांनी प्रतिपादन केले.

याच भटकंतीत, १८७२ मध्ये, यूटामधील त्या आडव्या रेघांशी त्यांचा परिचय झाला. त्या रेघा पूर्वी कोणी पाहिल्याच नव्हत्या असे नाही. कॅप्टन स्टॅन्सबरी यांनी १८४९-५० च्या सुमारास ग्रेट सॉल्ट लेकची पाहणी केली तेव्हा त्या जुन्या पाण्याच्या खुणा असाव्यात हे त्यांनी ओळखले होते. परंतु ओळखणे निराळे, आणि साऱ्या सरोवराचा इतिहास उभा करणे निराळे. गिल्बर्ट यांनी त्या लुप्त सरोवराला बॉनव्हिल सरोवर असे नाव दिले. १८३० नंतरच्या काळात त्या पश्चिम मुलुखात हिंडलेल्या बेंजामिन बॉनव्हिल या कॅप्टनवरून हे नाव ठेवलेले आहे.

ज्या प्रदेशात हे सरोवर होते त्याला ग्रेट बेसिन, म्हणजे मोठे खोरे, असे म्हणतात. येथील नद्यांचे वैशिष्ट्य असे की त्यांतील एकही समुद्रास मिळत नाही. डोंगरांवरून उतरून त्या खोऱ्यातच कोठेतरी खाऱ्या तळ्यात किंवा वाळूत लय पावतात. पावसाचे मान घटले की तळी आटतात. ते वाढले की तळी फुगतात. म्हणून अशा खोऱ्यातील सरोवर हे एक प्रकारे प्राचीन हवामानाची नोंदवहीच होय. मात्र ही नोंदवही वाचता आली पाहिजे.

गिल्बर्ट यांना १८७४ अखेर मेजर पॉवेल यांच्या पथकात स्थान मिळाले. पॉवेल यांचा एक हात यादवी युद्धात गेला होता. तरीही १८६९ मध्ये ते कोलोरॅडो नदीतून नावांनी उतरून गेले होते. असा धाडसी प्रमुख आणि असा शांत सहकारी यांची जोडी चांगली जमली. १८७५-७६ मध्ये यूटाच्या दक्षिणेकडील हेन्री पर्वताचा अभ्यास करून गिल्बर्ट यांनी लिहिलेला अहवाल आजही आदर्श मानला जातो. खालून आलेला तप्त शिलारस वरचे थर फोडून बाहेर न पडता त्यांना फुग्यासारखा उचलून धरतो, आणि तेथेच थिजतो, हे त्यांनी त्यात दाखविले.

१८७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय भूगर्भीय सर्वेक्षण खात्याची स्थापना झाली. ग्रेट बेसिन विभागाचे काम गिल्बर्ट यांच्याकडे आले आणि सॉल्ट लेक सिटी हे त्यांचे ठाणे झाले. बॉनव्हिल सरोवराचा छडा लावण्यास आता त्यांना हवा तसा वेळ मिळाला. खेचरांवर सामान लादून, पातळी मोजण्याची दुर्बीण आणि वायुभारमापक बरोबर घेऊन ते व त्यांचे सहकारी महिनोन्‌महिने त्या माळरानात फिरत राहिले. इस्रायल रसेल आणि विलर्ड जॉन्सन हे त्यांचे तरुण मदतनीस होते. यांपैकी रसेल यांनी पुढे नेव्हाडातील लाहोंटन या तशाच दुसऱ्या लुप्त सरोवराचा इतिहास लिहिला.

पहिला प्रश्न आकाराचा. सर्वांत वरची रेघ डोंगरामागून डोंगर धरत गेले की जुन्या सरोवराची हद्द कळणार, हे तर उघडच होते. पण डोंगरावर दिसणारी प्रत्येक पायरी काही लाटांनी कोरलेली नसते. काही पायऱ्या नद्यांनी केलेल्या असतात, काही कठीण खडकाच्या थरांमुळे दिसतात, तर काही भूकंपात जमीन सरकल्याने झालेल्या असतात. त्यांतून सरोवराची पायरी वेगळी काढावयाची तर आजच्या सरोवरांच्या काठावर लाटा काय काय करतात हे ठाऊक हवे. लाटा कोठे खडक कुरतडतात, उकरलेले गोटे किनाऱ्याच्या कडेने कसे वाहून नेतात, आणि खाडीच्या तोंडाशी त्यांचा दांडा कसा बांधतात, याचा गिल्बर्ट यांनी बारकाईने अभ्यास केला. स्टॉक्टन या गावाजवळ दोन दऱ्यांच्या मध्ये गोट्यांचा व वाळूचा एक प्रचंड बांध आडवा पडलेला आहे. एखाद्या धरणासारखा दिसणारा हा बांध माणसाने घातलेला नाही. तो बॉनव्हिल सरोवराच्या लाटांनी रचलेला आहे. नद्या जेथे सरोवरास मिळत तेथे गाळाचे मोठमोठे त्रिभुज प्रदेश साचले होते. सरोवर गेले, त्रिभुज प्रदेश कोरडे पडले, आणि पुढे नद्यांनीच त्यांना चिरून त्यांचे पोट उघडे केले. आत वरचे थर आडवे, मधले थर तिरपे, आणि तळाचे थर पुन्हा आडवे, अशी रचना गिल्बर्ट यांना आढळली. या प्रकारच्या त्रिभुज प्रदेशांना शास्त्रज्ञ आजही गिल्बर्ट यांचे नाव देतात.

या सर्व खुणा जुळविल्यावर जे सरोवर डोळ्यांपुढे उभे राहिले ते साधेसुधे नव्हते. त्याचा विस्तार सुमारे २० हजार चौरस मैल, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्शाएवढा होता. आज वाळवंटात सुटे उभे असलेले कित्येक डोंगर त्या काळी बेटे होती.

दुसरा प्रश्न पाण्याच्या वाटेचा. सरोवर वाढत वाढत खोऱ्याच्या काठाशी आले, तर काठ जेथे सर्वांत सखल असेल तेथून पाणी बाहेर सांडणार. ही सांडण्याची जागा कोठे होती? गिल्बर्ट यांना ती उत्तरेस, आयडाहो राज्यात, रेड रॉक नावाच्या खिंडीत सापडली. खिंडीच्या दक्षिणेस वरच्या रेघा स्पष्ट दिसतात. खिंडीपलीकडे त्यांचा मागमूस नाही. उलट तेथून एक रुंद पात्र उत्तरेकडे निघते, आणि आज त्यातून वाहणारा ओढा इतका लहान आहे की एवढे पात्र कोरणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. दुसऱ्या एका संशोधकाचे मत वेगळे पडल्यामुळे या जागेविषयी वादही झाला. परंतु गिल्बर्ट यांचे माप पक्के होते.

खिंडीत पुढे काय घडले, हेही त्यांनी पुराव्यानिशी सांगितले. खिंडीचा वरचा भाग ओढ्यांनी आणून टाकलेल्या भुसभुशीत गाळाचा होता. पाणी एकदा त्यावरून वाहू लागल्यावर तो टिकणे शक्यच नव्हते. फुटलेल्या बांधातून पाणी जावे तसे सरोवराचे पाणी धो धो बाहेर पडले आणि सरोवराची पातळी सुमारे ३७५ फुटांनी उतरली. खाली कठीण चुनखडक लागला तेव्हा कोठे ही झीज थांबली. त्या पातळीवर सरोवर दीर्घकाळ स्थिर राहिले. म्हणूनच तेथील रेघ, जिला प्रोव्हो असे नाव आहे, ती सर्वांत रुंद व ठसठशीत कोरली गेली आहे. या महापुराचे पाणी स्नेक नदीत उतरले. त्याने मोठमोठे दगड वाहून नेऊन स्नेक नदीच्या काठी टाकल्याचा पुरावा हॅरोल्ड माल्डे यांनी १९६८ मध्ये सविस्तर मांडला. आजच्या कालगणनेनुसार हा पूर सुमारे १८ हजार वर्षांपूर्वी आला. गिल्बर्ट यांच्या काळी असे वर्षांचे आकडे काढण्याचे साधन नव्हते. अगोदर काय घडले आणि मागाहून काय घडले, एवढा क्रम मात्र ते खात्रीने लावू शकत.

यापुढची हकीकत सोपी आहे. हवामान कोरडे होत गेले. नद्या जेवढे पाणी आणीत त्याहून अधिक पाणी उन्हाने उडून जाऊ लागले. पातळी खिंडीच्या खाली गेली आणि पाण्याची बाहेरची वाट बंद झाली. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. त्यामुळे जे सरोवर पूर्वी गोड्या पाण्याचे होते ते आटत आटत खारट झाले. सरोवराच्या तळाचा एक भाग आज पांढऱ्याशुभ्र मिठाचे सपाट मैदान होऊन पडला आहे. तेथे वेगवान मोटारींचे विक्रम झालेले आहेत.

परंतु सरोवर एकदाच भरले होते काय? याचे उत्तर डोंगरावर नव्हे, तर तळाच्या मातीत दडलेले होते. नद्यांनी व ओढ्यांनी जेथे तळाचा गाळ चिरला होता तेथे गिल्बर्ट दरडींसमोर तासन्‌तास उभे राहत. खाली पिवळसर चिकणमातीचा जाड थर होता आणि वर पांढऱ्या, चुनामिश्रित गाळाचा पातळ थर होता. हे दोन्ही थर शांत, खोल पाण्यात बसलेले होते. पण दोहोंच्या मधोमध काही ठिकाणी ओढ्यांनी आणलेली जाडीभरडी खडी होती, आणि पिवळ्या थराचा माथा झिजलेला होता. अशी खडी खोल सरोवराच्या मध्यावर येऊन पडत नाही. तेव्हा पहिले सरोवर भरले, आटले, त्याचा तळ उघडा पडून वाहत्या पाण्याने झिजला, आणि पुष्कळ काळाने दुसरे सरोवर भरले, असा क्रम निश्चित झाला. वॉसॅच पर्वतावरून उतरलेल्या प्राचीन हिमनद्यांचे दगडमातीचे ढीगही काही ठिकाणी सरोवराच्या काठापर्यंत पोहोचलेले त्यांना दिसले. हिमनद्या आणि सरोवरे ही एकाच थंड व ओल्या कालखंडाची लेकरे होत, असे त्यांनी त्यावरून ठरविले. पुढील काळात खोल विवरे घेऊन तळाची माती तपासण्यात आली, तेव्हा त्याही पूर्वी या खोऱ्यात सरोवरे होऊन गेल्याचे दिसून आले. गिल्बर्ट यांच्या वहीत दोनच पाने होती. आता ती अधिक झाली आहेत.

आणखी एक कोडे होते, आणि सर्वांत नवल वाटावे असे तेच. पाण्याची पातळी सर्वत्र सारखी असते. तेव्हा वरची रेघ सर्व डोंगरांवर सारख्याच उंचीवर असावयास हवी. डोळ्यांना ती तशी दिसेही. परंतु दुर्बीण लावून नेमके माप घेतले तेव्हा खोऱ्याच्या मध्यभागातील डोंगरांवर ही रेघ कडेच्या डोंगरांवरील रेघेपेक्षा शंभराहून अधिक फूट उंच भरली. मापात चूक म्हणावी तर पुनःपुन्हा घेतलेली मापे तेच सांगत. गिल्बर्ट यांनी या गोष्टीची निरनिराळी कारणे कल्पून पाहिली आणि प्रत्येकाची परीक्षा केली. शेवटी त्यांनी असा निष्कर्ष काढला की सरोवरातील पाण्याच्या वजनानेच भूपृष्ठ वाकले होते. सुताच्या बाजेवर माणूस बसला की ती मध्ये झोळते, आणि तो उठला की पुन्हा वर येते. त्याचप्रमाणे जेथे पाणी सर्वांत खोल तेथे जमीन सर्वांत अधिक दबली. पाणी गेल्यावर ती वर आली, आणि येताना जुनी रेघ आपल्याबरोबर घेऊन आली. आपल्या पायांखालची भूमी, जिला आपण अचला म्हणतो, ती पाण्याच्या भाराने खाली जाते आणि भार उतरताच वर येते, हे त्या रेघेने सिद्ध केले.

हे संशोधन चालू असतानाच, १८८१ मध्ये, पॉवेल यांनी गिल्बर्ट यांना वॉशिंग्टन येथे बोलावून घेतले. पॉवेल आता खात्याचे प्रमुख झाले होते, आणि त्यांना विश्वासू माणूस हवा होता. माळरानावरचा मनुष्य कचेरीत अडकला. इतरांचे अहवाल तपासणे, अंदाजपत्रके करणे, भांडणे मिटविणे यांत दिवस जाऊ लागले. स्वतःचे पुस्तक मागे पडले. घरावरही संकट कोसळले. १८८३ मध्ये त्यांची लहान मुलगी बेट्सी घटसर्पाने दगावली. त्यांची पत्नी फॅनी हिची प्रकृती ढासळली ती पुन्हा कधी नीट सुधारली नाही. गिल्बर्ट आपले दुःख बोलून दाखविणाऱ्यांपैकी नव्हते. सकाळी ते कचेरीत जात आणि संध्याकाळी रुग्णाईत पत्नीची शुश्रूषा करीत. बॉनव्हिल सरोवरावरील त्यांचा ग्रंथ अखेर १८९० साली प्रसिद्ध झाला. माळरानावरचे मुख्य काम संपून तेव्हा जवळजवळ दहा वर्षे लोटली होती.

त्याच १८८३ सालच्या सप्टेंबरात त्यांनी सॉल्ट लेक सिटीच्या एका वृत्तपत्रात एक लेख लिहिला. वॉसॅचच्या पायथ्याशी जमिनीत उंच पायऱ्या पडलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. या पायऱ्या सरोवराच्या रेघांना छेदून जात. म्हणजे त्या सरोवराच्या नंतरच्या होत्या. भूकंपाच्या वेळी पर्वत थोडथोडा वर सरकतो आणि प्रत्येक वेळी अशी पायरी पडते. शहराजवळच्या भागात मात्र त्यांना ताजी पायरी दिसेना. याचा अर्थ तेथील ताण अजून मोकळा व्हावयाचा आहे, असे त्यांनी नागरिकांना बजावले. माती, विटा आणि दगड यांची घरे भूकंपात टिकावयाची नाहीत, हे सांगूनही लोक तशीच घरे बांधीत राहतील, अशी त्यांची अटकळ होती. तीही खरी ठरली. १८ मार्च २०२० रोजी शहराच्या पश्चिमेस मॅग्ना येथे ५.७ प्रतीचा भूकंप झाला तेव्हा विटांच्या जुन्या इमारतींची पडझड झाली. गिल्बर्ट ज्याच्याविषयी बोलत होते तो मोठा भूकंप अजून व्हावयाचा आहे, असे तज्ज्ञ मानतात.

गिल्बर्ट यांचे प्रत्येक अनुमान बरोबर ठरले असे मात्र नाही. १८९१ मध्ये ते ॲरिझोनातील एका प्रचंड वर्तुळाकार विवराची पाहणी करण्यास गेले. आसपास लोखंडी उल्कांचे तुकडे विखुरलेले होते. उल्का आदळून विवर झाले असेल तर ती मोठी उल्का तळाशी पुरलेली असली पाहिजे, असा त्यांनी तर्क केला. त्यांनी चुंबकसूचीने तिचा शोध घेतला. विवराच्या कडेवरील मातीचे आकारमान आणि खड्ड्याचे आकारमान यांची तुलना केली. दोन्ही परीक्षांचे उत्तर नकारार्थी आले. तेव्हा विवर जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटाने झाले असावे, असे त्यांनी जाहीर केले. १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी तुलनेसाठी आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचाही उल्लेख केला. आज आपण जाणतो की ही दोन्ही विवरे आघातानेच झाली आहेत. एवढ्या वेगाने आदळणारी उल्का तळाशी अखंड राहत नाही. तिचा बहुतेक भाग वितळून व उधळून जातो. ही गोष्ट गिल्बर्ट यांच्या काळी कोणास माहीत नव्हती. लोणारच्या बाबतीत तर आघाताचा निर्णायक पुरावा १९७३ मध्ये पुढे आला. आपण काय मोजले, कसे मोजले आणि कोठे शंका उरते, हे सारे त्यांनी निबंधात मांडून ठेवले होते. त्यामुळे पुढच्या पिढीस त्यांची चूक शोधणे सोपे गेले.

गंमत अशी की पृथ्वीवर ज्या बाबतीत त्यांची चूक झाली, त्याच बाबतीत चंद्रावर त्यांचे अनुमान खरे ठरले. १८९२ मध्ये वॉशिंग्टनच्या वेधशाळेतील दुर्बिणीतून अठरा रात्री चंद्राचे निरीक्षण करून त्यांनी असे मत दिले की चंद्रावरील विवरे ज्वालामुखींची नसून आघातांची आहेत. त्या दिवसांत खात्याच्या खर्चावर संसदेत टीका चालली होती. ज्या खात्याचा एक उत्तम शास्त्रज्ञ रात्रभर चंद्राकडे पाहत बसतो त्या खात्याला पैसा कशाला द्यावा, असे एका सभासदाने विचारले. त्या वर्षी खात्याचा निधी खरोखरच कापला गेला.

उतारवयातही गिल्बर्ट स्वस्थ बसले नाहीत. १८९९ मध्ये ते अलास्कातील हिमनद्या पाहून आले. १८ एप्रिल १९०६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोचा भीषण भूकंप झाला तेव्हा ते जवळच बर्कली येथे मुक्कामास होते. हादऱ्याने जाग आली असता भयापेक्षा कुतूहलच त्यांच्या मनात अधिक होते. लगोलग ते पाहणीस निघाले. भूकंपात दुभंगून एकमेकांपासून सरकलेल्या कुंपणांची त्यांनी घेतलेली छायाचित्रे आजही पुस्तकांतून छापली जातात. सोन्याच्या लोभाने डोंगर पाण्याच्या फवाऱ्यांनी फोडणाऱ्या खाणवाल्यांमुळे कॅलिफोर्नियातील नद्यांची पात्रे गाळाने भरली होती. तो गाळ किती आहे आणि समुद्राकडे किती वेगाने सरकतो याचा शोध त्यांनी बारा वर्षे केला. मध्येच गंभीर आजार होऊनही हे काम त्यांनी पुरे केले.

अखेरच्या काळात त्यांनी तरुणपणचाच प्रश्न पुन्हा हाती घेतला. ग्रेट बेसिनमधील डोंगर वर कसे आले, याविषयीच्या आपल्या मताला मिळालेली दूषणे त्यांना तपासून पाहावयाची होती. त्या ग्रंथाचे हस्तलिखित अपुरे राहिले. १ मे १९१८ रोजी, पंचाहत्तरावा वाढदिवस अवघ्या पाच दिवसांवर आला असताना, जॅक्सन येथे बहिणीच्या घरी त्यांचा मृत्यू झाला. शिक्षक म्हणून त्यांना जेथे यश आले नव्हते तेच हे गाव. तो अपुरा ग्रंथ १९२८ मध्ये छापला गेला.

नद्यांचे पाणी शेतीकडे व शहरांकडे वळविल्यामुळे ग्रेट सॉल्ट लेक अलीकडे आणखी आकसले, आणि २०२२ मध्ये त्याची पातळी नोंदींतील सर्वांत खाली गेली. डोंगरावरील वरच्या रेघा मात्र आहेत तशाच आहेत. प्रोव्हो शहरातील विद्यापीठ बॉनव्हिल सरोवराच्या एका जुन्या त्रिभुज प्रदेशावर उभे आहे. या रेघांपैकी खालच्या एका तटरेषेला नंतरच्या संशोधकांनी गिल्बर्ट असे नाव दिले. तिचे वय किती आणि सरोवर तेथवर नेमके केव्हा चढले होते, याविषयी त्यांच्यात अजून वाद चालू आहे.